कार्यकर्त्यांचं कौशल्य-प्रशिक्षण: हॉल ठरवण्याआधी काय करायचं आणि हॉल रिकामा झाल्यावर काय

सामाजिक संस्थांमध्ये प्रशिक्षण ठरतं ते बहुधा असं: आधी तारीख, मग हॉल, मग ओळखीतला एखादा प्रशिक्षक, मग त्याला जे शिकवता येतं तो विषय आणि शेवटी कोणाकोणाला पाठवायचं याची यादी. दोन दिवस पार पडतात, गटाचा फोटो निघतो, अभिप्राय-पत्रकावर सगळे ‘उत्तम’ लिहितात. महिन्याभरानं गृहभेटीला सोबत जावं, तर कार्यकर्ता उंबऱ्यात उभा राहून तोच जुना पहिला प्रश्न विचारत असतो: “घरात माणसं किती?”

चूक क्रमात आहे. खालचा क्रम याच्या नेमका उलटा जातो: आधी कामातली एक कृती, मग ती कोणाला जमत नाही, मग सराव, मग फिल्डवरची सोबत. हॉल कुठेतरी मध्यावर येतो. तयारीला तीन आठवडे, सत्रांना दोन आणि पाठपुराव्याला सहा, एवढा वेळ धरा. एवढा नसेल तर विषय लहान करा, पायऱ्या गाळू नका.

शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतो: पहिल्या गृहभेटीत समोरच्याला समजेल अशी संमती घेणं. संस्था वृद्धांसाठी काम करणारी असो, मुलांसाठी असो किंवा निवारा चालवणारी, हे काम सगळीकडे लागतं आणि बऱ्याच ठिकाणी ते ‘सही घेतली’ एवढ्यावर संपतं.

## टप्पा १: हे प्रशिक्षणानं सुटणारं आहे का?

‘कार्यकर्ते नोंदी नीट ठेवत नाहीत’ अशी तक्रार आली की पुढचं वाक्य ‘त्यांना प्रशिक्षण द्या’ हे ठरलेलं असतं. तिथेच थांबा आणि स्वतःला विचारा: या कामावर उद्या मोठं बक्षीस लावलं, तर या माणसाला ते जमेल का? जमणार असेल तर कौशल्य आहे, अडचण दुसरीकडे आहे. दिवसाला नेमून दिलेल्या भेटी इतक्या असतील की प्रत्येकी दहा मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. फॉर्ममध्ये एकच गोष्ट तीनदा विचारलेली असेल. किंवा नीट काम करणाऱ्यालाच आणखी काम मिळत असेल. यातलं काहीही वर्गात सुटत नाही.

मी स्वतः इथे चुकलो आहे. एका संस्थेनं मला अहवाल-लेखन शिकवायला बोलावलं होतं. पहिल्याच तासात एका ताईंनी स्वतःचा मागच्या वर्षीचा अहवाल दाखवला. नेटका, मुद्देसूद. आता असा का लिहीत नाही, विचारलं, तर म्हणाल्या, “तो कोणी उघडतच नाही हे कळलं.” मुद्दा तिथंच संपला होता. मी मात्र उरलेला दीड दिवस शिकवत राहिलो, कारण ठरलं होतं दोन दिवसांचं.

गरज शोधायची तर ‘तुम्हाला कोणतं प्रशिक्षण हवं?’ असा फॉर्म फिरवू नका. त्यातून इच्छा कळतात, उणिवा कळत नाहीत. त्याऐवजी:

1. तीन कार्यकर्ते निवडा: एक उत्तम काम करणारा, दोन सर्वसाधारण.
2. प्रत्येकाबरोबर दोन भेटींना जा. गप्प बसा. जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच लिहा. ‘आत्मविश्वास कमी वाटला’ असं लिहू नका. ‘फॉर्म देताना काही बोलला नाही’ असं लिहा.
3. दुसऱ्या दिवशी, शक्यतो दुसऱ्या कोणीतरी, त्याच कुटुंबाला विचारायचं: काल सही केलीत ती कशासाठी होती?

तिसरी गोष्ट जवळजवळ कोणीच करत नाही, आणि सगळ्यात जास्त कळतं ते तिच्यातूनच. “कसलं तरी नाव लिहून घेतलं” असं उत्तर आलं, तर संमतीचा फॉर्म कितीही देखणा असो, संमती झालेली नाही.

तपासणी: अपेक्षित कृती घडली नाही असे निदान पाच प्रत्यक्ष पाहिलेले प्रसंग तारखेसह लिहिता येतात का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: एकच वाक्य लिहा

प्रशिक्षणाचा हेतू एका वाक्यात, आणि त्या वाक्यात डोळ्यांना दिसणारी कृती.

चुकीचं: ‘कार्यकर्त्यांना संमतीचं महत्त्व समजेल व ते संवेदनशील होतील.’

बरोबर: ‘पहिल्या गृहभेटीत, फॉर्म हातात देण्याआधी, कार्यकर्ता संमतीच्या चार बाबी समोरच्याच्या बोलीत सांगेल आणि त्या त्याच्याकडून त्याच्या शब्दांत परत ऐकेल.’

दुसऱ्या वाक्यात कोण, कधी, काय आणि कुठवर, हे चारही आहे. (संमतीच्या चार बाबी कोणत्या, ते पुढच्या टप्प्यात येतं.) समजणे, जाणणे, सक्षम होणे, दृष्टिकोन बदलणे ही क्रियापदं इथे चालणार नाहीत. चाचणी सोपी आहे: कोपऱ्यात कॅमेरा लावला, तर ही गोष्ट झाली की नाही हे चित्रीकरण बघून सांगता येईल का?

निधीच्या प्रस्तावात बारा विषय लिहिलेले असतात, हे मलाही माहीत आहे. त्यातले बरेचसे निव्वळ माहितीचे असतात: नवा नियम, नवा फॉर्म, रजेचं धोरण. ती माहिती दोन पानांवर लिहून वाटा आणि बैठकीत वीस मिनिटं प्रश्नांना द्या. सरावाची जागा कौशल्यासाठी राखून ठेवा.

## टप्पा ३: कौशल्याचे तुकडे पाडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. प्रशिक्षणाची गुणवत्ता प्रशिक्षकाच्या बोलण्यापेक्षा या एका कागदावर जास्त ठरते.

तुमच्या सगळ्यात अनुभवी कार्यकर्त्याबरोबर बसा आणि ‘तुम्ही हे कसं करता?’ असं विचारा. उत्तर येईल, “त्यात काय, बोलायचं आणि सही घ्यायची.” ते लपवत नाहीत. इतक्या वेळा केलेलं काम हाताला बसलेलं असतं, ते पायऱ्यांनी आठवत नाही. म्हणून विचारण्यापेक्षा करून दाखवायला सांगा, मध्येमध्ये थांबवा, आणि ‘आत्ता खुर्ची का सरकवलीत?’ असे प्रश्न करा. प्रत्येक पायरीपुढे दोन गोष्टी हव्यात: नेमकं काय करायचं आणि का. संमतीचं काम असं सुटं होतं:

1. जागा बघा. बोलणं ऐकू जाईल इतक्या जवळ कोण आहे? नातेवाईक किंवा शेजारी असेल तर विचारा, “बाजूला बसून बोलू या, की मी नंतर येऊ?” चारचौघांत माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, म्हणून.
2. कोण आणि का. नाव, संस्था, येण्याचं कारण. दोन वाक्यांत. संस्थेचा इतिहास सांगत बसायचं नाही.
3. माहितीचं काय होईल. काय लिहिणार, ते कोण वाचणार, कागद कुठे राहणार.
4. गुप्ततेची मर्यादा. तुम्ही सांगाल ते मी गुप्त ठेवेन. पण कोणाच्या जिवाला किंवा मुलाच्या सुरक्षिततेला धोका दिसला, तर मला ते पुढे सांगावं लागेल. हे बोलणं सुरू होण्याआधी सांगायचं. माणसानं मन मोकळं केल्यावर ही अट सांगणं म्हणजे फसवणूक, आणि सर्वात जास्त वेळा गळते ती हीच पायरी.
5. नकाराची वाट. नको म्हणता येईल, मध्येच थांबता येईल, आणि त्यामुळे चालू मदत बंद होणार नाही.
6. उलट ऐकणं. “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरच्यांना सांगायचं झालं, तर तुम्ही हे कसं सांगाल?” परीक्षा आपल्या सांगण्याची आहे, समोरच्याच्या आकलनाची नाही, हे शब्दांतून कळलं पाहिजे. आरोग्यसेवेत ही पद्धत रुळलेली आहे. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला मान हलवण्यापलीकडे उत्तर नसतं.
7. मग सही. किंवा अंगठा, किंवा तोंडी संमतीची तारीख-वेळेसह नोंद. हे सगळं झाल्यावर, शेवटी.

दोन ते पाच या पायऱ्या म्हणजे वरच्या वाक्यातल्या ‘चार बाबी’.

सावध: चौथ्या पायरीचे शब्द प्रशिक्षकानं मनानं बनवायचे नाहीत. बालसंरक्षण, हिंसा आणि माहिती कळवण्याचं बंधन यांबाबत तुमचं धोरण आणि तुम्हाला लागू असलेला कायदा काय म्हणतो ते पाहून, जबाबदार व्यक्तीकडून शब्द मंजूर करून घ्या. पाचवी पायरीही खरी असेल तरच शिकवा. फॉर्मवर सही नसली की तुमच्याकडे मदत थांबत असेल, तर ‘बंद होणार नाही’ हे खोटं आश्वासन होतं; आधी नियम बदला.

कागद तयार झाला की तो एखाद्या नव्या माणसाच्या हातात द्या आणि काहीही न सांगता त्यावरून काम करायला लावा. तो जिथे अडेल ती पायरी मोठी आहे, तिचे दोन तुकडे करा. पायऱ्या आठ-नऊच्या पुढे जायला लागल्या तर ही दोन कौशल्यं आहेत, दोन सत्रं करा.

## टप्पा ४: आजची स्थिती मोजा

त्याच सात ओळी, प्रत्येकीसमोर ‘झालं’ आणि ‘नाही झालं’. एवढंच तपासणी-पत्रक. एक ते पाच गुणांची पट्टी वापरू नका; एकाचे तीन म्हणजे दुसऱ्याचे चार असतात.

वापरण्यापूर्वी दोन जणांनी एकाच भेटीत, एकमेकांचं न बघता ते भरावं. एकापेक्षा जास्त ओळींवर खुणा जुळल्या नाहीत, तर दोष बघणाऱ्यांचा नाही, ओळीच्या शब्दांचा आहे. ‘नीट ओळख करून दिली’ यावर वाद होईल. ‘नाव आणि येण्याचं कारण सांगितलं’ यावर होणार नाही. निरीक्षक सोबत येणार असेल तर ज्यांच्या घरी जायचं त्यांची परवानगी आधी घ्या. संमतीचं प्रशिक्षण देताना एवढं तरी पाळलं पाहिजे.

सावध: ही पत्रकं वार्षिक मूल्यमापनाच्या फाइलमध्ये जाणार नाहीत हे लेखी सांगा, आणि तसंच वागा. एकदा जरी त्यातलं पत्रक पगारवाढीच्या चर्चेत निघालं, तरी पुढे कोणी तुम्हाला खरं काम दाखवणार नाही.

## टप्पा ५: माणसं आणि वेळ

गट बारा जणांचा. तिघांचे चार गट होतात आणि एका प्रशिक्षकाला चारही ठिकाणी कान देता येतो. पंधरा म्हणजे हद्द झाली. चाळीस जणांना एकदम बसवून पैसे वाचल्यासारखं वाटतं, पण चाळीसमधल्या पस्तीस जणांच्या वाट्याला फक्त ऐकणं येतं.

सलग दोन पूर्ण दिवस घेण्याऐवजी आठवड्याच्या अंतरानं दोन अर्धे दिवस घ्या. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवर केलेल्या प्रयोगात एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांशच टिकलं होतं. अर्थपूर्ण काम याहून बरं टिकतं, पण मध्ये अंतर ठेवून पुन्हा आठवायला लावलं की जास्त टिकतं, हे त्यानंतर वारंवार दिसलं आहे.

सत्राच्या आधी प्रत्येक गटाच्या पर्यवेक्षकाबरोबर अर्धा तास बसा. तीनच गोष्टी ठरवायच्या: सात ओळींचं पत्रक त्यांना पाठ आहे का, पुढच्या सहा आठवड्यांत प्रत्येक कार्यकर्त्याबरोबर ते किती भेटींना जाणार, आणि सत्राच्या दिवशी कार्यकर्त्याचं काम कोण बघणार. तिसऱ्याचं उत्तर ‘बघू’ असं आलं, तर सत्रात निम्मे लोक फोन घेऊन बाहेर जातील. पर्यवेक्षकाला हे कौशल्य स्वतःला येत नसेल (असं बऱ्याचदा असतं आणि ते अवघडही असतं), तर त्याचा सराव आधी, वेगळा, त्याच्या हाताखालच्या माणसांसमोर नाही.

कामाच्या वेळेतच घ्या. सुट्टीच्या दिवशी बोलावलेलं प्रशिक्षण शिक्षेसारखं वाटतं. ऐकू कमी येणारे, चाकाच्या खुर्चीतले, बारीक अक्षर न दिसणारे सहकारी असतील तर जागा आणि कागद त्यांच्या हिशोबानं ठरवा.

## टप्पा ६: सत्र

तीन तासांचं पहिलं सत्र असं बसतं:

1. पहिली 15 मिनिटं: मोजणीत काय दिसलं ते, नावं न घेता. ‘वीस भेटींपैकी इतक्यांत चौथी पायरी झाली नाही.’ आकडा तुमचाच असल्यानं वाद होत नाही.
2. पुढची 15 मिनिटं: काहीही न शिकवता सगळ्यांना जोडीनं एकदा करून बघू द्या. कुठं अडतं हे ज्याचं त्याला कळलं की प्रात्यक्षिक लक्ष देऊन बघितलं जातं.
3. 25 मिनिटं: प्रात्यक्षिक दोनदा. पहिल्यांदा सलग, खऱ्या वेगानं. दुसऱ्यांदा पायरीपायरीला थांबून, ‘का’ सांगत.
4. 35 मिनिटं: तिघांच्या गटात सरावाची पहिली फेरी.
5. 15 मिनिटं: विश्रांती.
6. 20 मिनिटं: कुठं अडलं ते एकत्र. इथेच खरे प्रश्न निघतात, घाई करू नका.
7. 35 मिनिटं: दुसरी फेरी, अवघड प्रसंगांसह.
8. 20 मिनिटं: कागद बंद करून सातही पायऱ्या आठवून लिहायच्या, मग पुढच्या आठवड्यात कोणत्या भेटीत वापरणार ते ठरवायचं.

शेवटचं आठवून लिहिणं वेळ कमी पडला की पहिलं गळतं. गाळू नका. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्यानं विचारलं तर न बघता आठवण्याचा सराव केलेले पुढे जातात. आपल्याला आठवड्यानंतरचं हवंय.

### सराव कसा चालवायचा

तिघांत एक कार्यकर्ता, एक घरातली व्यक्ती, एक निरीक्षक. चार मिनिटं भूमिका, दोन मिनिटं अभिप्राय, तीन मिनिटं पुन्हा भूमिका, मग अदलाबदल. नऊ मिनिटांचे तीन फेरे म्हणजे 27 मिनिटं, उरलेली उठण्याबसण्यात जातात.

‘पुन्हा’ या तीन मिनिटांसाठी हा सगळा खटाटोप आहे. अभिप्राय ऐकून मान हलवली आणि पुढचा गडी उभा राहिला, तर हाती काही लागत नाही. जी पायरी चुकली तेवढीच, लगेच, पुन्हा.

निरीक्षकाला नियम घालून द्या: पत्रकावर जे आहे तेच बोलायचं. एक गोष्ट जी झाली, तिच्या शब्दांसह: “तुम्ही ‘नंतर येऊ का’ असं विचारलंत.” एक गोष्ट जी बदलायची, तीही शब्दांसह: “‘समजलं ना’च्या जागी ‘तुम्ही घरी कसं सांगाल’ असं म्हणून बघा.” ‘छान केलंत, पण जरा आत्मविश्वास वाढवा’ हा अभिप्राय नाही. त्यावरून पुढच्या खेपेला तोंडातून कोणता शब्द काढायचा हे कळत नाही.

घरातल्या व्यक्तीसाठी तीन ओळींचं कार्ड लिहून द्या: मी कोण, मला काय हवंय, मी काय लपवतोय. कार्ड नसलं की दोनपैकी एक होतं: समोरचा भलताच समजूतदार निघतो, नाहीतर नाटक रंगवण्याच्या भरात ओरडू लागतो. दुसऱ्या फेरीची कार्डं तुमच्याच कार्यकर्त्यांच्या अनुभवांतून काढा. शेजारी उठायला तयार नाही. माणूस म्हणतो, “ते राहू द्या, सही कुठं करायची ते सांगा.” बाई विचारते, “सही नाही केली तर काय मिळणार नाही?” शेवटच्या प्रश्नावर भलेभले गडबडतात.

### इथे होणाऱ्या चुका

सगळ्यांसमोर भूमिका. एका जोडीला मधोमध उभं करून बाकीच्यांनी बघायचं, ही पद्धत सोडून द्या. दोघं शरमतात, दहा जण प्रेक्षक होतात.

टक्केवारीचा त्रिकोण. ‘माणूस वाचलेलं दहा टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं वीस टक्के’ अशी स्लाइड प्रशिक्षणांत हमखास दिसते. ज्या एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाच्या नावावर ती खपवतात, त्यांच्या 1946 च्या मूळ आकृतीत एकही आकडा नव्हता. काढून टाका. ‘कोणी बघून शिकतो, कोणी ऐकून’ म्हणून गट पाडणंही तसंच: 2008 मध्ये झालेल्या आढाव्यात त्या पद्धतीनं शिकवण्याला पुरेसा आधार सापडला नाही. गृहभेट कशी करायची हे शेवटी ती करूनच शिकायचं असतं, मग माणूस कसाही असो.

प्रशिक्षकाचे किस्से. एक चालतो. तिसऱ्या किश्शापर्यंत सरावाची वीस मिनिटं गेलेली असतात. (हे लिहिताना मी स्वतःकडेच बघतोय.)

खरी केस, नाव बदलून. नुसतं नाव बदलून पुरत नाही. वय, कुटुंबाची रचना, व्यवसाय, ठिकाण यांतल्या दोन-तीन गोष्टी तरी बदला. बसलेल्यांपैकी कोणीतरी त्या घराला ओळखत असतंच.

सावध: हिंसा, मृत्यू, आत्महत्या असे विषय असतील, तर ते आदल्या दिवशीच सांगा आणि कारण न विचारता भूमिका नाकारायची मुभा द्या. कार्यकर्त्यांच्या घरीही हे घडलेलं असतं. कोणी कोसळलं तर सोबत बाहेर जाणारी व्यक्ती आधीच ठरलेली असावी. ती प्रशिक्षक नसावी, कारण गट सोडता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतले तीन शब्द त्या व्यक्तीला पुरतात: पाहा, ऐका, जोडा. काय घडलं ते सगळं सांग, असा आग्रह धरायचा नाही. आत्ता काय हवंय ते विचारायचं आणि पुढच्या मदतीपर्यंत पोचवायचं.

तपासणी: सत्र संपताना प्रत्येकानं पूर्ण क्रम निदान दोनदा स्वतः करून बघितला का? तुम्ही एकूण किती मिनिटं बोललात? पन्नासच्या पुढे गेली असतील तर दुसऱ्या सत्रात कमी करा.

## टप्पा ७: फिल्डवर

दुसरं सत्र आठवड्यानं. त्यात नवीन काही नाही. प्रत्येकानं एक अडलेला प्रसंग आणायचा आणि तिघांच्या गटात तो पुन्हा खेळायचा.

पहिल्या आठवड्यातच पर्यवेक्षकानं एका भेटीला सोबत जायचं, मग सहा आठवड्यांत आणखी तीनदा. भेटीत मध्ये बोलायचं नाही, कार्यकर्ता चुकत असला तरी. अपवाद एकच: कोणाच्या सुरक्षिततेला धोका होत असेल तर. बोलणं परतीच्या वाटेवर, दहा मिनिटं. सुरुवात “कुठं अडलं?” या प्रश्नानं, पत्रक नंतर काढायचं. कार्यालयात आल्यावर बोलू म्हटलं की ते बोलणं होत नाही.

खिशात मावेल असं कार्ड द्या, त्यावर सात शब्द: जागा, ओळख, माहिती, मर्यादा, नकार, उलट, सही. संपूर्ण वाक्यं लिहू नका, नाहीतर ती समोरच्याच्या तोंडावर वाचून दाखवली जातात.

हा टप्पा वाचला जातो, मान्य होतो आणि सोडून दिला जातो. पैसे हॉलसाठी मंजूर झालेले असतात, सोबत जाण्यासाठी नाही. प्रेरणात्मक मुलाखतीच्या (उपदेश न करता, बदलाची कारणं समोरच्यालाच बोलतं करण्याच्या समुपदेशन-पद्धतीच्या) कौशल्यावर विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यसनमुक्ती क्षेत्रातल्या 140 व्यावसायिकांचे गट पाडले होते. कार्यशाळेनंतर प्रत्यक्ष कामावर अभिप्राय किंवा वैयक्तिक मार्गदर्शन मिळालेल्यांचं कौशल्य जास्त वाढलं. आणखी एक गोष्ट निघाली, ती पुढच्या टप्प्यासाठी महत्त्वाची: ‘मला हे किती चांगलं जमतं’ याबद्दल त्यांनी स्वतः जे सांगितलं, त्याचा प्रत्यक्ष दिसलेल्या कौशल्याशी संबंध आढळला नाही.

## टप्पा ८: पुन्हा मोजा

म्हणून ‘आता किती आत्मविश्वास वाटतो?’ हे विचारून निष्कर्ष काढू नका. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या, प्रशिक्षणाचं मूल्यमापन करण्याच्या चार पातळ्या (आवडलं का, शिकले का, कामात उतरलं का, परिणाम झाला का) अहवालांत नेहमी उद्धृत होतात. मोजणी मात्र पहिलीवर थांबते.

सहाव्या आठवड्यानंतर तेच पत्रक, शक्यतो तेच निरीक्षक, नव्या भेटी. आणि पहिल्या टप्प्यातला तो प्रश्न पुन्हा, कुटुंबांना: सही कशासाठी होती?

निकाल वाचताना ‘किती टक्के सुधारणा’ याआधी ‘कुठे राहिलं’ ते बघा:

- एकच पायरी सगळ्यांचीच राहतेय: शिकवण्यात खोट आहे, नाहीतर संस्थेचा एखादा नियम ती पायरी करू देत नाही.
- एकाच पर्यवेक्षकाच्या गटात सगळं राहतंय: सोबत जाणं झालेलं नाही. नोंदी बघा, दोष देण्याआधी त्याच्यावर कामाचा भार किती आहे तेही बघा.
- एकाच माणसाचं राहतंय: त्याच्याबरोबर आणखी दोन भेटी करा. पुन्हा वर्गात पाठवू नका.
- पत्रक भरलेलं आहे पण कुटुंबांना काही आठवत नाही: पायऱ्या उरकल्या जातायत. सहावी पायरी समोर बसून ऐका.

## टप्पा ९: मधल्या काळात आलेली माणसं

माणसं सोडून जातात, नवी येतात, आणि पुढचं सत्र वर्षभरानं असतं. त्यांच्यासाठी सत्राची वाट बघू नका. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या युद्धकाळच्या कारखान्यांमध्ये नवख्यांना शिकवण्याची चार पायऱ्यांची रीत वापरत, ती इथेही चालते: आधी माणसाला मोकळं करा आणि त्याला काय येतं ते विचारा, मग करून दाखवा, मग त्याच्याकडून, कारणं सांगत, करून घ्या, मग एकट्यानं करू द्या आणि लक्ष ठेवा. दोन भेटी बघणं, दोन सोबतीनं करणं, दोन एकट्यानं पण निरीक्षकासमोर, असं सहा भेटींत बसवा.

त्यासाठी एका फाइलमध्ये पाच गोष्टी ठेवा: हेतूचं वाक्य, सात पायऱ्यांचा कागद, तपासणी-पत्रक, भूमिकांची कार्डं, खिशातलं कार्ड. फाइल कोणाकडे आहे ते पहिल्या पानावर पदाच्या नावानं लिहा, व्यक्तीच्या नाही. फॉर्म किंवा धोरण बदललं, की त्याच दिवशी या पाचही कागदांवर बदल करा आणि वर तारीख टाका. जुनी कार्डं खिशांतून परत घ्या.